दंड सरकारजमा, मुलाच्या हाती काय?

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला दुपारी एक फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी मुलाचे पूर्ण नाव सांगितले, इयत्ता आणि तुकडी सांगितली, शाळेच्या बसचा क्रमांक सांगितला आणि "बसचे पैसे जमा दिसत नाहीत, आज भरले नाहीत तर उद्या त्याच्या थांब्यावर बस थांबणार नाही," असे म्हणत एक क्यूआर कोड पाठवला. बहिणीने ४,२०० रुपये भरले. पैसे गेले ते गेलेच. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही ती पैशांमुळे नव्हे. "दादा, त्या बाईला थांबा माहीत होता," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शाळेत गेलो. मुख्य लिपिकांनी बसवून घेतले, बसचे पैसे भरायला अजून पंधरा दिवसांची मुदत असल्याचे दाखवले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्याकडून काही बाहेर जात नाही. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे, त्यांना विचारा." त्या कंपनीचा पत्ता मात्र शाळेत कोणाकडेच नव्हता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले, तेव्हापासून शाळांमधून फुटणाऱ्या माहितीबद्दलची चर्चा मी लक्ष देऊन ऐकतो आहे, आणि ती चुकीच्या जागी अडकली आहे असे माझे मत आहे. एक बाजू म्हणते की आता २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होणार, त्यामुळे संस्थाचालक आपोआप ताळ्यावर येतील. दुसरी बाजू म्हणते की पालकच मुलांचे फोटो आणि वाढदिवस जगजाहीर करतात, मग शाळेच्या नावाने ओरड कशाला. एकीला दंडाचा आकडा पुरेसा वाटतो, दुसरीला पालकांचा दोष पुरेसा वाटतो. नुकसान ज्याचे झाले त्या मुलाला आणि त्याच्या घराला कायदा नेमके काय देतो, हा प्रश्न दोन्हींकडे कोणी विचारत नाही. माझी भूमिका स्पष्ट आहे: दंड ही शिक्षा आहे, दाद नव्हे. मुलाची माहिती ज्याच्या ताब्यातून फुटली त्याच्याकडून थेट भरपाई मिळण्याचा हक्क कुटुंबाला कायद्याने दिला पाहिजे, त्याची किमान रक्कम ठरलेली असली पाहिजे आणि काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार संस्थेवर असला पाहिजे. आज नेमका हाच हक्क काढून घेतला जातो आहे, आणि तोही फारसा बोभाटा न होता.

कायदा काय म्हणतो ते पाहू. २०२३ च्या या कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत आणि मुलांसंबंधीची कर्तव्ये न पाळल्यास २०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्याचे कलम ३४ सांगते की दंडाची वसूल झालेली सर्व रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होईल. बाधित व्यक्तीला भरपाई देण्याची तरतूद कायद्यात कुठेही नाही. उलट, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असे ठरले तर तक्रारदारालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याहून गंभीर गोष्ट कलम ४४ मध्ये, दुसऱ्या कायद्यांतील दुरुस्त्यांच्या यादीत आहे. त्या यादीनुसार माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ४३-अ वगळले जाणार आहे. निष्काळजीपणामुळे संवेदनशील माहिती फुटली तर कंपनीने बाधिताला भरपाई द्यावी, असे सांगणारे हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आले आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. नियमांसोबतच्या वेळापत्रकाप्रमाणे ते मे २०२७ मध्ये पुसले जाईल. त्यानंतर त्या कायद्यात उरेल ते मूळ कलम ४३, म्हणजे संगणकात बेकायदा घुसणाऱ्याकडून भरपाई. भरपाई मागायची तर चोराकडे मागा, तिजोरी उघडी ठेवणाऱ्याकडे मागू नका, असा याचा अर्थ होतो. आणि चोर सापडतो किती वेळा?

हे अनवधानाने झाले असेही म्हणता येत नाही. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ साली जो मसुदा दिला त्यात बाधिताला भरपाई मागण्याचा हक्क होता. २०१९ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकातही तो होता. २०२२ च्या नव्या मसुद्यात तो दिसेनासा झाला आणि २०२३ च्या कायद्यातही परतला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, त्यातून हा सारा प्रवास सुरू झाला होता. मूलभूत हक्कापासून निघालेला कायदा बाधिताला फक्त तक्रारदार करून थांबतो, हे मला फार खटकते.

मग आज कुटुंबापुढे कोणते मार्ग आहेत? कलम ४३-अ अजून जिवंत आहे. पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, चालतो. हा मार्ग केवळ कागदावरचा नाही. पुण्यातल्या एका कंपनीच्या खात्यातून फसवणुकीने पैसे गेले तेव्हा महाराष्ट्राच्या सचिवांनी २०१३ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. तरी या कलमाला दोन मोठी भोके आहेत. ते 'बॉडी कॉर्पोरेट'ला लागू होते, म्हणजे व्यावसायिक काम करणाऱ्या कंपनी, फर्म किंवा संघटनेला. जिल्हा परिषदेची शाळा त्यात बसत नाही, आणि धर्मादाय न्यासाची खासगी शाळा बसते की नाही यावरच पहिल्या तारखेपासून वाद होतो. दुसरे असे की २०११ च्या नियमांतील 'संवेदनशील माहिती' म्हणजे पासवर्ड, बँक तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक वगैरे. मुलाचे नाव, घरचा पत्ता, बसचा थांबा यांतले काहीही त्या यादीत नाही. ज्या माहितीमुळे माझी बहीण रात्रभर जागी राहिली, ती कायद्याच्या दृष्टीने संवेदनशीलच नव्हती.

ग्राहक न्यायालयाचे दार शाळेविरुद्ध जवळजवळ बंद आहे, कारण शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या अर्थाने 'सेवा' देत नाहीत असे राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले. त्याच निर्णयात खासगी शिकवणी वर्ग मात्र ग्राहक कायद्याच्या कक्षेत ठेवले गेले, त्यामुळे पैसे घेऊन शिकवणारा क्लास किंवा ॲप असेल तर तिथे जाता येते. सरकारी यंत्रणेकडून माहिती फुटली असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. मूलभूत हक्काचा भंग झाल्यास राज्याने थेट भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रुदुल शहा प्रकरणात वापरले आणि १९९३ मध्ये नीलाबती बेहरा प्रकरणात पक्के केले. पण ती प्रकरणे बेकायदा कैदेची आणि कोठडीतल्या मृत्यूची होती. फुटलेल्या माहितीसाठी त्या तत्त्वाची वाट नव्याने पाडावी लागेल, आणि ती पाडण्याइतके बळ चौथीतल्या मुलाच्या आईकडे कुठून येणार?

आता समोरच्या बाजूचे म्हणणे ऐकू, कारण त्यात तथ्य आहे. पहिला आणि सर्वांत वजनदार मुद्दा असा की माहिती फुटली म्हणजे नुकसान झालेच असे नाही. हजारो मुलांची नावे बाहेर गेली तरी त्यांतल्या बहुतेकांना कधी काही होणार नाही; मग भरपाई कशाची? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका पतविषयक कंपनीच्या प्रकरणात अशीच भूमिका घेतली की प्रत्यक्ष इजा दाखवता आली नाही तर संघीय न्यायालयात दावा उभा राहत नाही. दुसरा मुद्दा लहान शाळांचा आहे: दोन शिक्षकांच्या शाळेवर दाव्यांचा बोजा टाकला तर ती शाळाच बंद पडेल. तिसरा मुद्दा असा की सामूहिक दाव्यांत वकील गब्बर होतात आणि बाधितांच्या हाती किरकोळ रक्कम येते. त्यापेक्षा या कायद्याखालचे डेटा संरक्षण मंडळ, म्हणजे तज्ज्ञांचे मंडळ, चौकशी करून तातडीच्या उपायांचे आदेश देते, तेच बरे. मंडळाला असे आदेश देण्याचा अधिकार आहे आणि तो उपयोगी आहे, हे मी मान्य करतो. मे २०२७ पासून माहिती फुटल्यावर प्रत्येक बाधिताला विनाविलंब कळवणे बंधनकारक होईल, ही तर या कायद्याची खरी जमेची बाजू आहे. आज सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला सहा तासांत कळवावे लागते, पण ज्या मुलाची माहिती गेली त्याच्या घरी कळवण्याचे बंधन नाही.

पहिल्या मुद्द्याकडे वळू. नुकसान आज दिसत नाही हे खरे, पण ते का दिसत नाही? मोठ्या माणसाचे कार्ड हरवले तर तो ते बंद करतो. मुलाची जन्मतारीख, आईचे नाव, रक्तगट, जात, अपंगत्वाची नोंद बंद करून नवी घेता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील शाळांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पॉवरस्कूल या कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली, तेव्हा हे फार स्पष्ट दिसले. चोरलेल्या एका पासवर्डाच्या आधारे मदतकक्षाच्या पोर्टलमधून कोट्यवधी विद्यार्थ्यांच्या नोंदी गेल्या. काहींचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे अमेरिकेतले सरकारी ओळख क्रमांक गेले, काहींची वैद्यकीय टिपणे गेली. टोरांटोच्या शालेय मंडळाने तर १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांची माहिती त्यात असू शकते असे जाहीर केले. त्या साली शाळेत असलेली मुले आज पालक आहेत. कंपनीने खंडणी दिली, चोरांनी माहिती पुसल्याचे आश्वासन दिले, आणि मे २०२५ मध्ये शालेय मंडळांना त्याच माहितीच्या आधारे पुन्हा धमक्या आल्या. कंपनीने बाधितांना दोन वर्षे ओळख-संरक्षणाची सेवा देऊ केली. सात वर्षांच्या मुलाला नऊ वर्षांचा होईपर्यंत संरक्षण. तो क्रमांक मात्र त्याच्याबरोबर आयुष्यभर चालणार. त्या देशांत मराठी घरेही कमी नाहीत, आणि तिथल्या पालकांना निदान दावा दाखल करता आला. ते दावे कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो येथील संघीय न्यायालयात एकत्र केले गेले आहेत. टेक्सासच्या महाधिवक्त्यांनी राज्यातल्या आठ लाखांहून अधिक बाधितांसाठी स्वतंत्र खटलाही भरला. असेच आपल्याकडे मे २०२७ नंतर घडले तर आपले पालक कोणत्या दारात उभे राहतील?

शिवाय 'इजा दाखवा' हे एकमेव न्यायतत्त्व नाही. युरोपीय संघाच्या डेटा कायद्यात आर्थिक तसेच मानसिक अशा दोन्ही नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क थेट लिहिलेला आहे. बल्गेरियाच्या करखात्यातून लाखो नागरिकांची माहिती फुटली, त्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या: माहितीचा गैरवापर होईल ही साधार भीतीसुद्धा नुकसान ठरू शकते, आणि सुरक्षेची काळजी योग्य होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती बाळगणाऱ्यावर आहे. प्रतिवादी कोणी खासगी कंपनी नव्हती, खुद्द सरकारी यंत्रणा होती, हे विसरू नये. सिद्धतेचा हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझ्या बहिणीच्या मुलाची माहिती शाळेतून गेली, सॉफ्टवेअर कंपनीतून गेली की बसच्या कंत्राटदाराच्या फोनमधून गेली, हे आम्ही कसे सांगणार? लॉग त्यांच्याकडे, करार त्यांच्याकडे, पासवर्ड कोणाकोणाकडे होता याची यादीही त्यांच्याकडेच. ज्याच्या हाती पुरावा आहे त्याला गप्प बसण्याची मुभा आणि ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्यावर सिद्धतेचा भार, ही वाटणी न्यायाची कशी म्हणायची?

या वाटणीविरुद्धची लढाई महाराष्ट्राने पूर्वी पाहिली आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे मागणीपत्र तयार केले. रविवारची सुट्टी सर्वांना आठवते. पण त्याच मागणीपत्रात आणखी एक कलम होते, की कामावर जबर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. फिरत्या पट्ट्यात हात गेला तर तो कामगाराचाच गाफीलपणा, असे म्हणणे तेव्हा सोपे होते; पालकांनीच माहिती उधळली असे आज म्हणतात, त्याचे कूळ तेच. गिरणीमालकाची चूक सिद्ध करायची तर यंत्राची देखभाल, मुकादमाचे हुकूम, पाळीच्या नोंदी सारे मालकाच्या कब्जात. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडावे लागले. त्या कायद्याने मालकाची चूक सिद्ध करण्याची अट काढली आणि कोणत्या इजेला किती भरपाई हे परिशिष्टात ठरवून दिले. हाताची किंमत पैशात होत नाही हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. तरीही आकडा ठरवला, कारण आकडा नसेल तर जखमी माणसाला काहीच मिळत नाही. इथे एक भेद मात्र मान्य करतो: कामगाराची इजा डोळ्यांना दिसत होती, मुलाची दिसत नाही. म्हणून तर ठरलेल्या किमान रकमेची गरज इथे जास्त आहे.

लहान शाळेचा मुद्दा मी हलक्यावर घेत नाही. अशा शाळा मी जवळून पाहिल्या आहेत. वर्गात नेट येत नाही म्हणून गुरुजी संध्याकाळी तालुक्याच्या गावी दुकानात बसून मुलांची माहिती सरकारी पोर्टलवर भरतात; दुकानदाराच्या संगणकावर पासवर्ड जतन होतो, आधारच्या छायाप्रती टेबलावर राहतात. यात गुरुजींचा दोष काय? सरल, यूडायस, अपार अशी एकामागून एक माहिती मागणारी यंत्रणा त्यांनी उभी केलेली नाही. ज्याने माहिती गोळा करायला लावली त्यानेच भरपाई द्यावी, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या बाबतीत राज्याने. खासगी शाळांसाठी मोटार वाहनांच्या धर्तीवर विमा सक्तीचा करता येईल. रस्त्यावर गाडी आणायची तर तिऱ्हाइताच्या इजेसाठी विमा हवाच, हे आपण मानतो आणि त्यामुळे गाड्या बंद पडल्या नाहीत. शिवाय विमा कंपनी हप्ता ठरवण्याआधी पासवर्ड कोणाकडे आहेत हे विचारेल. तो प्रश्न आज कोणीच विचारत नाही.

आणि सरकारी यंत्रणेलाच दंड झाला तर काय होते? तिजोरीतला पैसा तिजोरीत, या खिशातून त्या खिशात. ब्रिटनमध्ये शिक्षण खात्याने सुमारे २.८ कोटी विद्यार्थ्यांच्या नोंदींचा साठा नीट न सांभाळल्यामुळे तो जुगाराच्या कंपन्यांसाठी वय पडताळण्याच्या कामी वापरला गेला. तिथल्या माहिती आयुक्तांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितले की एरवी एक कोटी पौंडांहून अधिक दंड झाला असता, पण सार्वजनिक संस्थेचा दंड शेवटी जनतेवरच पडतो म्हणून फक्त समज दिली जात आहे. तिथे दंड टळला तरी भरपाई मागण्याचा कुटुंबाचा हक्क कायद्यात शाबूत आहे. आपल्याकडे केंद्राच्या 'दीक्षा' या शैक्षणिक ॲपच्या उघड्या राहिलेल्या साठ्यातून सुमारे दहा लाख शिक्षकांची आणि जवळजवळ सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती कोणालाही पाहता येत होती, हे जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोरोनाच्या काळात त्याच ॲपवर मुले शिकली होती. उद्या तसेच घडले आणि मंडळाने मोठा दंड केला, तरी त्यातला एक रुपयाही त्या सहा लाख मुलांकडे जाणार नाही.

वकीलच गब्बर होतात हा आक्षेप तर ठरलेल्या रकमेच्या पद्धतीने आपोआप सौम्य होतो, कारण नुकसानीचा हिशेब मांडत वर्षानुवर्षे वाद घालावा लागत नाही. मंडळाने चौकशीत संस्थेला दोषी धरले की त्याच आदेशात बाधित मुलांची यादी आणि प्रत्येकाची किमान रक्कम यावी. ज्याचे नुकसान त्याहून मोठे असेल त्याने वेगळा दावा करावा. दंडाचा काही भाग मुलांच्या निधीत वळवण्यासाठी कलम ३४ मध्ये एका वाक्याची दुरुस्ती पुरेल. कलम ४३-अ वगळण्याची तरतूद तोवर लागूच करू नये, आणि संवेदनशील माहितीच्या व्याख्येत अठरा वर्षांखालील मुलाची ओळख, पत्ता आणि येण्याजाण्याचा तपशील घालावा. हे सारे मे २०२७ च्या आत करणे शक्य आहे.

तोवर पालकांनी थांबू नये. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. शाळेला लेखी पत्र द्यावे, पोच घ्यावी, आणि त्यात नेमके विचारावे: मुलाची कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कोणत्या कंपनीला दिली, कोणत्या कराराने दिली, घटना कधी लक्षात आली आणि नोंदी जपून ठेवल्या आहेत का. आरोग्याचा फॉर्म, हजेरीचा अंगठा, शिष्यवृत्तीचे बँक खाते यांतले काही गेले असेल तर ते पत्रात ठळकपणे नमूद करावे, कारण कलम ४३-अ खालचा अर्ज त्याच माहितीवर उभा राहतो. माझ्या बहिणीने असे पत्र दिले. तीन आठवड्यांनी शाळेकडून एका ओळीचे उत्तर आले, 'आपले पत्र संबंधित कंपनीस पाठविले आहे', आणि त्या ओळीखाली पहिल्यांदाच कंपनीचे नाव व पत्ता होता. आता दुसरे पत्र त्या पत्त्यावर गेले आहे.